याला अर्थच नाही!

(द्वितीय वर्ष, कला)

मी कला शाखेचा, त्यातही मराठी साहित्याचा विद्यार्थी. तेव्हा सौरपंप, वीजदाब आणि अर्थिंग अशा विषयावर मी लेखणी उचललेली पाहून आमचे प्राध्यापक चष्म्यावरून माझ्याकडे पाहतील, आणि मित्र म्हणतील, 'हा आयटीआयला जायचा तो चुकून इकडे आला.' परंतु २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शेतावर असे काही घडले की, हा विषय समजून घेतल्यावाचून मला गत्यंतरच उरले नाही. आपल्या वर्गातील बरीच मुले शेतकऱ्यांची आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या शिवारात आता सौर पॅनेल उभी आहेत. म्हणून मला जे समजले ते, मला समजले त्याच भाषेत, येथे मांडतो.

आमचे गाव बालाघाटच्या डोंगररांगेत आहे. जमीन अडीच एकर, तीही बरीचशी मुरमाड. बोअरला पाणी होते, पण शेतीची वीज काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री, हा क्रम खेड्यातल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. रात्रपाळी आली की अण्णा, म्हणजे माझे वडील, खांद्यावर फावडे नि हातात बॅटरी घेऊन निघायचे आणि आई पहाटेपर्यंत दाराकडे कान लावून पडायची. साप, विंचू, ओल्या हाताने स्टार्टर ओढणे, सगळेच भय. केंद्र सरकारने २०१९ साली 'पीएम-कुसुम' योजना मंजूर केली. महाराष्ट्रात २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना आली. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींतील शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते. आमचा पंप त्याआधीचा, २०२१ चा. तेव्हा मी दहावीत होतो. तीन अश्वशक्तीची मोटार, नऊ पॅनेल, एक कंट्रोलर. ज्या दिवशी भर दुपारी पाटाला पाणी आले त्या रात्री अण्णा नऊ वाजताच झोपले. घरात एवढ्या लवकर घोरण्याचा आवाज आम्ही प्रथमच ऐकला.

आता मूळ प्रसंग. पॅनेलवर धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून आई दर आठ-पंधरा दिवसांनी ती धुते. वेगळे पाणी कशाला आणायचे? पंप चालू करायचा, त्याचीच नळी धरायची नि पॅनेल फडक्याने पुसायची. सुट्टीत घरी गेल्यावर तिच्या उशाशी मला गोळ्यांची पाकिटे दिसली. विचारले तर म्हणाली, "हाताला मुंग्या येत्यात रं. डॉक्टरनं शक्तीच्या गोळ्या दिल्यात." दोन महिने ती गोळ्या घेत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या मदतीला गेलो. पायात चप्पल नव्हती, जमीन ओली होती. एका हाताने पॅनेलची अल्युमिनिअमची चौकट धरली मात्र, कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. तिच्या मुंग्या तिच्या हातात नव्हत्याच, त्या चौकटीत होत्या! मी तसे सांगितले तेव्हा तिने आधी माझा हात चाचपून पाहिला, स्वतःचा नंतर.

अण्णांनी पेटीतून पंपासोबत मिळालेली पुस्तिका काढली. "तू कालेजात हाएस ना? वाच की मग." पुस्तिका इंग्रजीत होती. आजोबांच्या कागदावर अंगठा असे, अण्णा सही करतात, आणि कॉलेजात जाणारा घरातला पहिला मी. त्यामुळे घरात आलेला प्रत्येक कागद माझ्यापुढे येतो आणि तो मला समजलाच पाहिजे अशी सर्वांची खात्री असते. मी पाने उलटली. एके ठिकाणी लिहिले होते की, योग्य अर्थिंग असल्याची खात्री करून घ्यावी. बस्स, तेवढेच. योग्य म्हणजे कसे, खात्री कशी करायची, नसेल तर काय होते, यांविषयी चकार शब्द नाही. मला सगळे शब्द वाचता आले आणि काहीही समजले नाही. आई-अण्णा दोघेही माझ्या तोंडाकडे पाहत होते. तो क्षण मी सहजी विसरणार नाही.

शेजारच्या गावातून वायरमनकाका आले. त्यांनी पंप बंद करून चौकटीला टेस्टर लावला, चालू करून लावला, खाली वाकून खांबांच्या बुडाशी पाहिले आणि म्हणाले, "ह्याला अर्थच नाही."

मी मराठीचा विद्यार्थी. मला वाटले, आमच्या एकंदर प्रकारालाच ते निरर्थक म्हणत आहेत! मग उलगडा झाला. पॅनेलच्या सांगाड्यापासून जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जाणारी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी जागेवर नव्हती. "इथली पट्टी कुठं गेली?" काकांनी विचारले. अण्णा काही न बोलता शेळ्यांच्या कुडाकडे पाहू लागले. दोन वर्षांपूर्वी रोटाव्हेटर मारताना ती पट्टी उखडली होती. पंप तर तिच्यावाचूनही चालत होता. मग तिची बिजागरी करून त्यांनी कुडाचे फाटक बसवले होते. फाटक उत्तम बसले होते, यात शंका नाही.

"पंप तर चालतोय की!" हे अण्णांचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. यंत्राच्या बाकी कोणत्याही तारेचा तुकडा पडला तर यंत्र बंद पडते आणि आपण धावत जातो. अर्थिंगची तार मात्र अशी की, ती असली काय नि नसली काय, पंप तितकेच पाणी फेकतो. तिची उणीव यंत्राला जाणवत नाही. जाणवते ती हात लावणाऱ्याला, आणि तीही हात लावल्यावर. म्हणून जिथे जावे तिथे हीच तार तुटलेली, गंजलेली वा दुसऱ्याच कामाला लागलेली आढळते.

सुट्टी संपल्यावर मी शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या एका सरांना गाठले. त्यांनी चार दिवस संध्याकाळी मला वेळ दिला. पुढे जे लिहितो आहे ते त्यांच्या शिकवण्यातून आणि वायरमनकाकांच्या बोलण्यातून जमलेले.

प्रथम वीजदाब, म्हणजे व्होल्टेज. प्रकाश पडला की काही पदार्थांत विद्युतदाब निर्माण होतो, हे १८३९ साली एदमाँ बेकरेल या फ्रेंच तरुणाला वडिलांच्या प्रयोगशाळेत आढळले. तेव्हा त्याचे वय १९ होते, म्हणजे माझ्याएवढेच! (वडिलांच्या प्रयोगशाळेऐवजी मला वडिलांचे शेत मिळाले, एवढाच काय तो फरक.) सिलिकॉनची उपयोगी पडेल अशी पेशी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ मध्ये तयार केली. आजची पॅनेलही प्रामुख्याने सिलिकॉनचीच असतात. सिलिकॉनच्या एका पेशीचा दाब अवघा ०.६ व्होल्टच्या आसपास. एवढ्याशाने काय होणार? पण आमच्या पॅनेलमध्ये अशा ७२ पेशी एकीला एक जोडलेल्या आहेत. माळेतल्या पेशींचे दाब एकमेकांत मिळवले जातात. पॅनेलच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर खुला दाब साधारण ४६ व्होल्ट लिहिला आहे. ४६ व्होल्ट म्हणजे फार नव्हेत असे वाटेल. परंतु नऊही पॅनेल पुन्हा एका माळेत आहेत. ४६ गुणिले ९ म्हणजे ४१४ व्होल्ट. घरातल्या विजेचा दाब २३० असतो. तेव्हा 'सूर्याची वीज म्हणजे सौम्य वीज' ही जी समजूत आमच्याकडे आहे, ती पहिल्याच गुणाकारात कोसळते.

आणखी एक गोष्ट मला नवलाची वाटली. मला वाटे, वैशाखातल्या उन्हात हा दाब सर्वांत अधिक असणार. प्रत्यक्षात उलटे आहे. पेशी तापली की तिचा दाब उतरतो. २५ अंश सेल्सिअस हे मोजण्याचे ठरलेले तापमान. त्याच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे ०.३ टक्के दाब कमी होतो, खाली गेल्यास तेवढाच वाढतो. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले तर आमचे ४१४ व्होल्ट ३६४ वर येतात. पण मार्गशीर्षातल्या निरभ्र सकाळी पॅनेल १० अंशांवर असताना तेच ४३३ होतात. कंट्रोलर निवडताना ही थंडीची सकाळ हिशेबात धरावी लागते, नाहीतर तो पहिल्याच हिवाळ्यात जळायचा. शिवाय ऊन मंद झाले म्हणून दाब मंद होत नाही. उजेड कमी झाला की प्रवाह कमी होतो. दाब मात्र थोड्याशा उजेडातही जवळजवळ पुरता असतो. ढगाळ दिवशी पंप पाणी ओढत नाही म्हणून पॅनेल मेले आहे असे समजून तारेला हात घालणारे लोक आहेत. त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

याच्याच पोटात दुसरी गोष्ट येते. पॅनेलला बंद करण्याचे बटण नसते. कंट्रोलरचे बटण फिरवले की मोटार थांबते, पण पॅनेलपासून कंट्रोलरपर्यंतच्या तारा जिवंतच राहतात. उजेड आहे तोवर दाब आहे. महावितरणच्या विजेचे तसे नाही. फ्यूज काढला की पुढची तार मेली. येथे फ्यूज आकाशात आहे, आणि तो संध्याकाळशिवाय निघत नाही! दुरुस्ती करायची तर पॅनेलवर ताडपत्री घट्ट टाकावी किंवा सूर्य मावळू द्यावा.

तारांच्या जोडण्याही पंप चालू असताना ओढून काढू नयेत. घरची वीज दर सेकंदाला ५० वेळा आवर्तन पुरे करते, म्हणजे सेकंदात १०० वेळा तिचा प्रवाह शून्यावर येतो. त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी बहुधा त्या शून्याच्या क्षणी विझते. पॅनेलची वीज एकाच दिशेने सरळ वाहणारी. तिला शून्य नाही. चालू प्रवाहात जोडणी ओढली तर दोन टोकांमध्ये जळता पूल उभा राहतो आणि तो टोके वितळेपर्यंत विझत नाही. घरचा साधा स्विच येथे चालत नाही तो याचमुळे.

असो. आता अर्थिंगकडे वळतो, कारण लेखाचे खरे प्रयोजन तेच.

गावात सर्वांची, आणि कालपरवापर्यंत माझीही, अशी समजूत होती की, जमीन वीज पिऊन टाकते. धरणीमाय पोटात घेते आणि विषय संपतो. सरांनी ही समजूत पहिल्याच दिवशी मोडीत काढली. वीज कोठेही 'जात' नाही. ती जिथून निघाली तिथेच परत येते. परतीची वाट असेल तरच ती निघते. आमच्या डी.पी.वर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रलची तार जमिनीला जोडलेली असते. म्हणून फेजची तार कूलरच्या पत्र्याला चिकटली नि आपण अनवाणी त्याला हात लावला, तर वीज आपल्या अंगातून, जमिनीतून, डी.पी.च्या खड्ड्यातून आपल्या घरी परतते. जमीन हा केवळ रस्ता आहे. पत्र्याला चांगली अर्थिंग असेल तर तिला आपल्यापेक्षा सोपा रस्ता मिळतो आणि त्या रस्त्याने एवढा प्रवाह धावतो की संरक्षक स्विच उडतो.

येथे 'चांगली' हा शब्द महत्त्वाचा. समजा या सबंध वाटेचा विरोध ५ ओहम आहे. २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर. १६ अँपिअरचा स्विच थोड्याच वेळात उडेल. तोच विरोध ५० ओहम असेल तर प्रवाह फक्त ४.६ अँपिअर. स्विचला वाटेल घरात इस्त्री चालू आहे! तो उडणार नाही आणि पत्रा जिवंतच राहील. जमिनीत लोखंड पुरले म्हणजे अर्थिंग झाली, असे नव्हे. ३० मिलिअँपिअर गळतीलाच उडणारा स्विच घरात असावा असा आग्रह धरतात तो याचसाठी. साध्या ५० आवर्तनांच्या विजेचा सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह हाताला जाणवतो, १० च्या आसपास स्नायू आखडून हात सुटत नाही, आणि ३० च्या पुढे तो छातीतून काही क्षण वाहिला तर जिवावर बेतू शकते.

पण सौरपंपाला डी.पी. कुठे आहे? नाही. पॅनेलच्या धन किंवा ऋण यांपैकी एकही टोक आमच्या पंपात जमिनीला जोडलेले नाही. ही वीज झाडाला टांगलेल्या पाळण्यासारखी अधांतरी आहे. मग तिने आईला झिणझिण्या का द्याव्यात? परतीची वाटच नाही तर ती निघाली कशी? हा प्रश्न मी सरांना विचारला तेव्हा ते खूष झाले. (मीही झालो. कला शाखेच्या विद्यार्थ्याला विज्ञानाच्या सरांनी शाबासकी देणे ही काही रोजची गोष्ट नव्हे.)

उत्तर असे. पॅनेलमध्ये पेशी आणि अल्युमिनिअमची चौकट यांच्यामध्ये काच व प्लॅस्टिकचा जेमतेम काही मिलिमीटरचा थर असतो. दोन धातू आणि मध्ये पातळ अडसर, अशी रचना वीज थोडीफार साठवते. विज्ञानातला धारित्र तो हाच. दाब स्थिर असेल तर त्यातून काही जात नाही. पण दाब वरखाली हलू लागला की प्रत्येक हेलकाव्याला थोडी वीज त्या थराच्या पलीकडे ढकलली जाते. आता आमचा कंट्रोलर काय करतो? मोटारीला तीन फेजची वीज लागते, म्हणून तो पॅनेलच्या सरळ विजेचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे करतो. त्या तुकड्यांच्या तालावर पॅनेलच्या सबंध माळेचा दाब जमिनीच्या तुलनेत थरथरत राहतो. परतीची वाटही आहे: मोटार नि तिची लांब केबल बोअरच्या पाण्यात बुडालेली असते आणि तिथेही असेच पातळ थर असतात. पट्टी जागेवर असती तर ही गळती मुकाट्याने पट्टीवाटे गेली असती. पट्टी फाटकाला होती. तिथे उभी होती आई, ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर, अनवाणी. पट्टीचे काम ती करीत होती.

पंप बंद केला की झिणझिण्या थांबत आणि चालू केला की येत, याचाही उलगडा यातच आहे. त्यामुळे दोष केवळ गळतीचा असून तारेचे आवरण अद्याप शाबूत असावे, असा अंदाज वायरमनकाकांनी त्याच दिवशी बांधला होता. आवरण गेले असते तर पंप बंद असतानाही चौकट सुरक्षित नसती.

आणि खरी भीती तिथेच आहे. अधांतरी विजेचा एक विचित्र गुण असा की, तिच्यातला पहिला दोष मुका असतो. समजा उंदराने वा खारीने पॅनेलखालची तार कुरतडली आणि तिचे तांबे सांगाड्याला टेकले. काय होईल? ठिणगी नाही, धक्का नाही, पंपही चालू. पाळण्याची एक दोरी जमिनीला बांधली गेली, एवढेच. पण आता दुसरा दोष, म्हणजे जुन्या झालेल्या मोटारीच्या वेढ्यांत पाणी शिरणे, कधीही घडू शकतो. मग वर्तुळ पुरे होते आणि सांगाड्याला अर्थिंग नसेल तर सबंध ४०० व्होल्ट सांगाडा आणि जमीन यांच्यामध्ये उभे राहतात. त्या वेळी मुंग्या येत नाहीत. मुंग्या आल्या हे आमचे नशीब, असे सर म्हणाले.

आपल्या वसतिगृहाच्या छतावरच्या इन्व्हर्टरला हा मुका दोष ओळखता येतो. तो रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी पॅनेलच्या तारा आणि जमीन यांच्यातला विरोध मोजतो. पुरेसा नसेल तर तांबडा दिवा लावून बसून राहतो. धुक्याच्या दिवशी नऊ-दहा वाजेपर्यंत तो चालू होत नाही आणि आपले शिपाईमामा 'पुन्हा बिघडला' म्हणून बटणे दाबत राहतात, हे अनेकांनी पाहिले असेल. तो बिघडलेला नसतो. एखाद्या जोडणीत दव शिरलेले असते, ते सुकले की गाडी सुरू. मात्र दव नसतानाही तांबडा दिवा लागू लागला तर वायरमनला बोलावलेच पाहिजे.

त्याच इन्व्हर्टरचा दुसरा हट्ट सुट्टीच्या दिवशी दिसतो. सगळी मुले गावी, पंखे बंद, वर कडक ऊन. वापर नसल्यामुळे वीज बाहेरच्या तारेवर ढकलावी लागते, आणि ढकलायची तर आपला दाब तारेच्या दाबाहून थोडा चढा ठेवावा लागतो. तार लांब नि बारीक असेल तर हा दाब चढत चढत २३० च्या वर १० टक्के, म्हणजे २५३ पर्यंत जातो. त्याच्यापुढे इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. तसा नियमच आहे. ऊन भरपूर आणि वीज शून्य, असा हा चमत्कार.

आता पुन्हा शेतावर. पट्टी फाटकावरून काढून जागेवर बसवायची म्हणजे काम संपले, असे आम्हाला वाटले होते. काकांनी पट्टीचे टोक चौकटीला लावण्याआधी कानस घेतली आणि चौकट घासायला सुरुवात केली. अण्णांना ते रुचले नाही. चांगल्या चकचकीत वस्तूला ओरखडे कशाला? पण ती चकाकीच आडवी येते. अल्युमिनिअम गंजू नये म्हणून त्यावर ऑक्साइडचा थर मुद्दाम चढवलेला असतो आणि त्यातून वीज वाहत नाही. वरवर बोल्ट आवळला तर तार दिसायला जोडलेली, प्रत्यक्षात तुटलेली! थर खरवडावा लागतो किंवा दातेरी वायसर घालून तो फोडावा लागतो. नऊही चौकटींना असेच केले. तांब्याची तार थेट अल्युमिनिअमवर आवळू नये, हेही काकांनी बजावले. दोन वेगळ्या धातूंत पावसाचे पाणी शिरले की अल्युमिनिअम खाल्ले जाते.

मग त्यांनी कुणाकडून तरी मागून आणलेले विरोध मोजण्याचे यंत्र लावले. ठरावीक अंतरावर जमिनीत दोन खुंट्या ठोकून ते मोजतात. साधारणतः ५ ओहमच्या आत असावे असा दंडक. आमचे आले १९. कारण जमीन. वीज रॉडमधून मातीत उतरते तेव्हा रॉडला लगटून असलेल्या मातीतच सर्वाधिक अडते. ओलसर काळी माती तिला सहज वाट देते. कोरडा मुरूम कित्येक पटींनी अडवतो. जाड रॉडने फारसे साधत नाही, खोल रॉडने साधते. मीठ-कोळसा घालून वर पाणी टाकण्याची जुनी रीत यासाठीच होती. मीठ पावसाने वाहून जाते आणि लोखंड खाते, म्हणून आता ओल धरून ठेवणारी बेंटोनाइटसारखी माती भरतात. आम्ही पाटाच्या कडेला, जिथे बारमाही ओल असते, तिथे दुसरा रॉड ठोकला नि जुन्याला जोडला. पुन्हा मोजले तर ४.६.

विजांविषयी लिहिले नाही तर लेख अपुरा राहील. आमच्या मराठवाड्यात वळिवाच्या दिवसांत आणि पुन्हा परतीच्या पावसात वीज पडून माणसे-जनावरे दगावतात. आमच्या पॅनेलजवळ वीजरोधक सळई उभी आहे, तिचा खड्डा वेगळा आहे. अण्णांची समजूत अशी की, ही सळई आहे तोवर तिच्याखाली उभे राहायला हरकत नाही. मी त्यांना एक गुणाकार करून दाखवला. पडणाऱ्या विजेचा प्रवाह ३०,००० अँपिअर धरा आणि खड्ड्याचा विरोध उत्तमातला, ५ ओहम. दाब झाला १,५०,००० व्होल्ट. क्षणभरच, पण दीड लाख! म्हणजे उत्तम अर्थिंग असूनही सळई आणि भोवतालची जमीन त्या क्षणी लाखाच्या दाबावर जाते आणि जसजसे दूर जावे तसतसा तो उतरत जातो. जवळ उभ्या असलेल्या जनावराचे पुढचे पाय एका दाबावर नि मागचे पाय दुसऱ्याच. त्या दोहोंतला फरक त्याच्या अंगातून वाहतो, वाटेत हृदय असते. माणसाची पावले जवळ असतात, बैलाची दूर. झाडाखाली वीज पडून बैल गेला आणि शेजारचा माणूस वाचला, अशा ज्या हकीकती आपण ऐकतो त्यांचे एक कारण हे आहे. म्हणून ढग गडगडू लागले की पॅनेलपाशी थांबू नये, आणि पॅनेलच्या सांगाड्याला जनावर तर कधीच बांधू नये. आमच्याकडे वासरू बांधले जात असे.

यातून आणखी एक उमगले. सळईचा नि पॅनेलचा खड्डा निरनिराळे असले तरी ते जमिनीखाली एकमेकांना जोडलेले हवेत, असे सरांचे म्हणणे. एक खड्डा लाखावर आणि दुसरा शून्यावर असेल तर मधल्या यंत्राच्या चिंध्या होतात. दोन्ही एकदमच वर चढले तर फरक उरत नाही नि फरक नसेल तर काही वाहत नाही. दोन वाफ्यांत पाण्याची पातळी सारखी असली की मधला बांध फुटला तरी पाणी हलत नाही, तसेच हे. अर्थिंगचे निम्मे काम वीज जमिनीत घालवण्याचे नसून, हाताखालच्या धातूची नि पायाखालच्या जमिनीची पातळी सारखी ठेवण्याचे आहे, हे मला चौथ्या दिवशी समजले.

मी कॉलेजला परत निघण्यापूर्वी काकांनी आईला एक सांगून ठेवले होते. अनोळखी पत्र्याला हात लावायचाच झाला तर आधी बोटांची मागची बाजू लावायची. झटका बसला तर स्नायू आखडून हात आपोआप मागे ओढला जातो. तळव्याने धरले तर मूठ आवळते. शिवाय पॅनेल धुवायची ती पहाटे, पंप बंद ठेवून, टाकीतल्या पाण्याने, पायात रबरी चप्पल घालून. नाताळात मी घरी गेलो तेव्हा ती तसेच करीत होती. गोळ्यांची पाकिटे उशाशी नव्हती. अर्थिंगच्या नव्या रॉडवर अण्णांनी तीन दगड रचून वर चुना फासला आहे, रोटाव्हेटरवाल्याला लांबून दिसावा म्हणून. शेळ्यांचे फाटक मात्र आता सुतळीने बांधलेले आहे आणि ते रोज पडते.